बाळंतिणीचा हक्क: समज आणि वस्तुस्थिती

गरोदर बाईला सरकारी आधार मिळू लागला तो अंगणवाडी आल्यावर, असं सर्रास म्हटलं जातं. अंगणवाडीची योजना 2 ऑक्टोबर 1975ची. मुंबई इलाख्यात प्रसूती लाभ कायदा मात्र 1929मध्येच झाला. त्याआधी, 28 जुलै 1928 रोजी, डॉ. बाबासाहेब आंबेडकर कायदेमंडळात या विधेयकाच्या बाजूने बोलले होते. बाळंतपणाच्या आगेमागे आईला विसावा मिळणं देशाच्याच हिताचं आहे, असा त्यांचा मुद्दा होता. आताच्या गोंदिया जिल्ह्यातली देवरी तेव्हा मध्य प्रांतात, भंडारा जिल्ह्यात. त्या प्रांतातही 1930मध्ये असाच कायदा आला.

म्हणजे देवरीच्या बायांनाही तेव्हाच लाभ मिळाला? नाही. कायदा कारखान्यातल्या कामगार बाईपुरता होता आणि पैसे मालकाने द्यायचे होते. धानाची रोवणी करणारी, मोहफुलं वेचणारी बाई कुठल्या हजेरीपटावर असणार? तिचा भरवसा गावच्या सुईणीवरच.

हजेरीपटावर नसलेल्या बाईचाही प्रसूती लाभावर हक्क आहे, हे कायद्यात लिहिलं गेलं 2013च्या अन्न सुरक्षा कायद्याने. त्यात किमान 6000 रुपये आहेत. प्रधानमंत्री मातृवंदना योजनेत पहिल्या बाळासाठी 5000च मिळतात. उरलेली रक्कम जननी सुरक्षा योजनेच्या खात्यात दाखवली जाते. हिशेब जुळतो, पण प्रत्येकीच्या हातात तेवढा पैसा पोचतोच असं नाही.

‘अंगणवाडी म्हणजे खिचडी’ हाही अर्धवट समज. लसीकरण, तपासणी, वजन, शाळापूर्व शिक्षण हे सगळं त्यात येतं. बाळाच्या दंडाभोवती गुंडाळायची ती रंगीत पट्टी पाहावी: सहा महिन्यांवरच्या बाळाचा दंडघेर साडेअकरा सेंटिमीटरच्या आत, म्हणजे लाल रंगात आला, तर ते तीव्र कुपोषित. मग दवाखाना गाठायचा, नजर उतरवत बसायचं नाही. आदिवासी भागात 2015पासून अमृत आहार योजनाही आहे. गरोदर आणि स्तनदा मातांना त्यात एक वेळचं पूर्ण जेवण मिळतं.

राहिला सिझरच्या खर्चाचा धाक. जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमानुसार 2011पासून सरकारी दवाखान्यात प्रसूती, सिझर, औषधं, रक्त आणि तिथलं जेवण मोफत आहे. न्यायला-आणायला गाडीही मोफत. तेव्हा कळा सुरू झाल्या की भाड्याची गाडी शोधण्याआधी आशाताईंना सांगा आणि 102 लावा.