बाजार आणि सरकार (भाग ६) : काटा, धरण आणि उसाचा दर

कोल्हापूर जिल्ह्यातील ऊस फडातून निघाला की त्याच्यापुढे दोन वाटा असतात. एक गुऱ्हाळघराकडे जाते, दुसरी साखर कारखान्याकडे. गुऱ्हाळात रस काहिलीत आटतो, गुळव्याच्या नजरेने पाक उतरतो आणि तयार झालेले गुळाचे रवे बाजार समितीच्या आवारात येतात. तिथे त्यांचा दर सौद्यात ठरतो, आवक आणि गुजरातची मागणी पाहून रोज वर-खाली होतो. कारखान्याकडे गेलेल्या उसाचा किमान दर मात्र हंगामापूर्वीच दिल्लीत जाहीर झालेला असतो. जमीन तीच, पाणी तेच, पीकही तेच. पण एका वाटेवर सरकार जवळजवळ पंचाच्या भूमिकेत आहे आणि दुसऱ्या वाटेवर ते स्वतः खेळात उतरले आहे. मुक्त बाजारपेठेत सरकारचे योग्य काम कोणते, हा प्रश्न या दोन वाटांच्या तुलनेतून नेमका उलगडतो.

स्मिथने सांगितलेली तीन कामे

मुक्त व्यापाराचा आद्य पुरस्कर्ता मानला जाणारा अॅडम स्मिथ सरकार नको असे म्हणत नव्हता. १७७६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'वेल्थ ऑफ नेशन्स'च्या पाचव्या भागात त्याने राज्यकर्त्याची तीन कर्तव्ये सांगितली: परचक्रापासून संरक्षण, न्यायदान आणि काही सार्वजनिक कामे. यातील तिसरे कर्तव्य त्याने काळजीपूर्वक आखून दिले. ज्या कामाचा समाजाला मोठा लाभ होतो, पण कोणा एका व्यक्तीला त्यातून खर्च भरून काढता येत नाही, असेच काम सरकारने अंगावर घ्यावे.

राधानगरीचे धरण या व्याख्येत चपखल बसते. राजर्षी शाहू महाराजांनी विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात भोगावती नदीवर ही योजना हाती घेतली. संस्थानाच्या तिजोरीला न पेलणारा खर्च असल्याने काम रखडले आणि स्वातंत्र्यानंतर पूर्ण झाले. एवढी वर्षे परताव्याची वाट पाहणारा सावकार किंवा कंपनी मिळणे अशक्य होते. शिवाय नदीत सोडलेले पाणी काठावरचा प्रत्येकजण उचलू शकतो. पैसे न देणाऱ्याला अडवणे अवघड. कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्याचेही तेच. पावसाळा सरला की दगडी खांबांच्या खाचांत बरगे बसवायचे, पाणी अडवायचे आणि पुढचा पाऊस येण्याआधी बरगे काढून घ्यायचे, अशी ही साधी रचना आहे. अडलेल्या पाण्याने दोन्ही काठांच्या विहिरी भरतात. कोणाच्या विहिरीत किती पाणी मुरले याचे बिल काढता येत नाही. ज्याचे बिल काढता येत नाही, ते काम बाजार करत नाही.

बंधाऱ्यापासून शेतापर्यंत पाणी नेण्याचे काम मात्र वेगळे आहे. तिथे कोणाला किती पाणी गेले हे मोजता येते, आणि म्हणून सहकारी पाणीपुरवठा संस्थांनी भागभांडवल व कर्ज उभे करून नदीचे पाणी माळावर चढवले. धरण सरकारचे, मोटार आणि पाइपलाइन सभासदांची: कामाची ही वाटणी तत्त्वाला धरून आहे.

उद्योगाच्या बाबतीत हीच सीमारेषा अधिक पुसट होते. शाहू महाराजांनी १८९५ मध्ये गुळाच्या व्यापारासाठी शाहूपुरी ही पेठ वसवली आणि १९०६ मध्ये कापड गिरणीची स्थापना केली. पेठेत सरकारने जागा आणि अभय दिले, व्यापार व्यापाऱ्यांनी केला. ती पेठ वाढली. गिरणी पुढे सरकारी महामंडळाच्या कारभारात गेली आणि अखेरीस बंद पडली. मागासलेल्या प्रदेशात पहिले पाऊल सरकारने टाकणे आणि तोच धंदा पिढ्यान्‌पिढ्या चालवत राहणे, या दोन भिन्न गोष्टी आहेत.

काटा आणि सौदा

न्यायदान म्हणजे केवळ कोर्टकचेरी नव्हे. बाजारात त्याचे सर्वांत साधे रूप म्हणजे खरा काटा आणि उघडा सौदा. पूर्वी अनेक बाजारांत 'हत्ता' पद्धत होती: अडत्या आणि खरेदीदार रुमालाखाली एकमेकांची बोटे दाबून भाव ठरवत, आणि ज्याचा माल तो शेतकरी शेजारी उभा राहून रुमालाकडे पाहत असे. अशा व्यवहारात खरेदी-विक्रीचे स्वातंत्र्य कागदोपत्री पूर्ण असते, पण एका पक्षाला भाव कसा ठरला हेच कळत नाही. यावर उपाय म्हणून नियंत्रित बाजाराची कल्पना पुढे आली. देशातील पहिला असा बाजार कापसासाठी वऱ्हाडात, कारंजा येथे १८८६ मध्ये सुरू झाला. महाराष्ट्राचा कृषी उत्पन्न बाजार कायदा १९६३ चा आहे. उघड लिलाव, परवानाधारक अडते, तपासलेली वजने आणि पट्टी वेळेवर मिळण्याची हमी, एवढेच त्याचे मूळ प्रयोजन.

पंचाला शिट्टीबरोबर मैदानाची मालकी मिळाली की दुसरा धोका उभा राहतो. बाजार समितीच्या आवाराबाहेर खरेदीला बंदी आणि आवारातील परवाने मोजके, असे झाले की नियमन हेच स्पर्धेला कुंपण ठरते. महाराष्ट्राने जुलै २०१६ मध्ये फळे आणि भाजीपाला समित्यांच्या नियंत्रणातून वगळला, तो याच विचाराने.

मालाची ओळख हाही न्यायाचाच भाग आहे. साखर मिसळलेला किंवा दुसरीकडे तयार झालेला गूळ 'कोल्हापुरी' म्हणून विकला गेला, तर गिऱ्हाइकाला फरक कळत नाही, तो दोन्हींना सारखाच दर देतो आणि शुद्ध गूळ करणाऱ्याला खर्च परवडेनासा होतो. माहिती एकाच पक्षाकडे असेल तर वाईट माल चांगल्याला बाजारातून हुसकावतो, हे जॉर्ज अॅकरलॉफने १९७० मध्ये दाखवून दिले. त्या कामासाठी त्याला २००१ चे नोबेल मिळाले. कोल्हापुरी गुळाला २०१४ मध्ये मिळालेले भौगोलिक मानांकन आणि अन्नभेसळीचे कायदे हे याच दुखण्यावरचे औषध आहे. ते दर ठरवत नाहीत. दर कशासाठी दिला जातो हे स्पष्ट करतात.

तिसऱ्याचे नुकसान

स्मिथच्या यादीत ठळकपणे न आलेली एक बाब पंचगंगेच्या काठी रोज दिसते. कारखाना साखर विकतो, व्यापारी ती घेतो, दोघेही समाधानी असतात. पण मळीमिश्रित पाणी नदीत गेले तर त्याची किंमत खालच्या गावातील पाणी पिणारा मोजतो. या व्यवहारात तो कुठेच नव्हता. आर्थर पिगू याने १९२० मध्ये सुचवलेला मार्ग असा की, असे नुकसान कर लावून उत्पादकाच्याच खर्चात घालावे. रोनाल्ड कोझ याने १९६० मध्ये प्रतिवाद केला: हक्क स्पष्ट असतील आणि वाटाघाटीला खर्च नसेल तर दोन्ही पक्ष आपसांत तोडगा काढतील. पंचगंगेच्या काठी गावेही असंख्य आणि प्रदूषकही अनेक, त्यामुळे आपसांतील तोडगा इथे अव्यवहार्य ठरतो आणि १९७४ च्या जल प्रदूषण कायद्यासारखे नियम लागतात. यात एक मेख आहे. नदीत प्रक्रिया न करता सांडपाणी सोडणाऱ्यांत शहरेही आहेत. म्हणजे नियम करणारे सरकार आणि नियम मोडणारी स्थानिक स्वराज्य संस्था, दोन्ही शासनाचीच अंगे ठरतात.

दर ठरवण्याचे काम

सर्वांत वादग्रस्त प्रश्न किमतीचा. तोडलेला ऊस टिकत नाही. तास उलटतात तसा त्यातील साखरेचा अंश घटतो आणि वजनही उतरते. दूरचा कारखाना वाहतुकीत परवडत नाही. त्यामुळे विक्रेते हजारो आणि जवळ खरेदीदार एक-दोन, अशी स्थिती तयार होते. या असमतोलामुळे १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशाने किमान दर, १४ दिवसांत पैसे आणि उशीर झाल्यास वार्षिक १५ टक्के व्याज अशी तरतूद केली. २००९ पासून हा दर 'रास्त आणि किफायतशीर दर', म्हणजेच एफआरपी, या नावाने ओळखला जातो.

२०२५-२६ च्या हंगामासाठी १०.२५ टक्के उताऱ्याला (म्हणजे उसातून निघणाऱ्या साखरेच्या प्रमाणाला) टनामागे ३,५५० रुपये एफआरपी आहे, उतारा ०.१ टक्क्याने वाढला की ३४.६० रुपये वाढतात. कोल्हापूरचा उतारा राज्यात वरचा. १२.२५ टक्के उतारा धरला तर टनाला ४,२४२ रुपये होतात. त्यातून तोडणी-वाहतूक वजा होऊन उरलेली रक्कम शेतकऱ्याच्या खात्यावर येते. या एक टन उसातून साखर निघते १२२.५ किलो. साखरेचा किमान विक्री दर फेब्रुवारी २०१९ मध्ये किलोला ३१ रुपयांवर नेला गेला आणि हा हंगाम सुरू झाला तेव्हाही तोच होता. त्या दराने साखरेचे होतात ३,७९७.५० रुपये. बाजारात साखर सहसा याहून महाग विकते, मळी, बगॅस आणि इथेनॉलचेही उत्पन्न असते. तरीही प्रक्रियेचा खर्च धरण्याआधीच कच्च्या मालाची कायदेशीर किंमत मुख्य मालाच्या कायदेशीर किमान किमतीपुढे गेलेली दिसते.

एक दर बांधला की पुढचे दर कसे बांधावे लागतात, हे इथे दिसते. उसाचा दर वाढला म्हणून साखरेला २०१८ मध्ये किमान विक्री दर द्यावा लागला. भाव पडू नये म्हणून त्याच वर्षी कारखान्यांना महिन्याचा विक्री कोटा पुन्हा लागू झाला. साठा उरला म्हणून निर्यात आणि इथेनॉलचे धोरण दरवर्षी बदलत राहिले. एफआरपी एकरकमी की हप्त्याने, हा वादही राज्य सरकारच्या २०२२ च्या निर्णयानंतर उच्च न्यायालयापर्यंत गेला. गुळाच्या सौद्यात यातले काहीच नाही. तिथे मंदीचा फटका थेट गुऱ्हाळवाल्याला बसतो, आणि गेल्या काही दशकांत अनेक चुलवाणे विझली ती त्यामुळेही.

यात विसरली जाणारी गोष्ट अशी की, खरेदीदाराची मक्तेदारी निव्वळ निसर्गदत्त नाही. दोन कारखान्यांत किमान १५ किलोमीटर हवाई अंतर हवे, असा केंद्राचा नियम आहे. महाराष्ट्रात ते २५ किलोमीटर आहे. आधी स्पर्धकाला दूर ठेवायचे आणि मग स्पर्धा नाही म्हणून किमान दर द्यायचा, अशी ही साखळी आहे. सी. रंगराजन समितीने २०१२ मध्ये साखळीच्या दोन्ही टोकांना हात घातला: अंतराची अट टप्प्याटप्प्याने काढावी, आणि एफआरपी हा तळ ठेवून साखर व उपपदार्थांच्या उत्पन्नाचा ७० टक्के किंवा केवळ साखरेच्या उत्पन्नाचा ७५ टक्के वाटा ऊस उत्पादकाला द्यावा. महाराष्ट्राने २०१३ मध्ये वाट्याच्या सूत्राचा कायदा केला. अंतराची अट कायम ठेवली. त्यामुळे शेतकऱ्याला सूत्राप्रमाणे वाटा मिळतो, पण तो देणारा कारखाना निवडण्याची मुभा बेताचीच राहते. दराची हमी केव्हा सैल करता येईल याचे उत्तर या क्रमातच आहे: आधी अंतराची अट काढायची, मग कारखान्याच्या काट्याची खात्री करायची, आणि हमीला हात सर्वांत शेवटी.