अहवालाची वाट पाहणारी सहेरी

पहाटे चारला फोनचा गजर होतो. सायखेड्यातल्या त्या घरात ती उठते, तवा ठेवते, चहाचं आधण ठेवते. दरवर्षी सहेरीला दोन ताटं वाढली जायची. यंदा एकच. नवरा आत झोपलेला असतो. अहवाल येईपर्यंत रोजे ठेवायचे नाहीत, असं डॉक्टरांनी बजावलं आहे. कांद्याची आवक जोरात असताना त्याचा टेम्पो उपबाजारात जाण्याऐवजी दारात उभा आहे.

शौचावाटे रक्त जात होतं, हे त्याने चार महिने कुणाला सांगितलं नाही. मूळव्याध समजून मलम लावत राहिला. पट्ट्याला खिळ्याने नवं भोक पाडताना त्याला तिने पाहिलं आणि तेव्हा विषय निघाला. हिमोग्लोबिन फार कमी निघालं. गावातल्या डॉक्टरांनी चिठ्ठी दिली, "नाशिकला जाऊन कोलोनोस्कोपी करा."

पहिला वाद रोजावरूनच झाला. या तपासणीआधी आतडं पूर्ण रिकामं करावं लागतं. आदल्या दिवशी फक्त पातळ पदार्थ आणि औषध मिसळलेलं पाणी ग्लासामागून ग्लास प्यायचं. "रमजानमध्ये भरदिवसा पाणी पिऊ?" तो अडून बसला. शेवटी मौलानांनी समजावलं. कुरआनच्या दुसऱ्या अध्यायात, १८४ आणि १८५ व्या आयतीत, आजारी माणसाला आणि प्रवाशाला सूट आहे. सुटलेले रोजे बरं झाल्यावर पुरे करता येतात. ज्याला ते कधीच शक्य नाही, त्याने गरिबाला जेवू घालावं. ही सवलत नाकारून शरीराचे हाल करण्यात कसलं पुण्य?

तपासणीत मोठ्या आतड्यात एक गाठ दिसली. तिचे बारीक तुकडे काढून प्रयोगशाळेत पाठवले. "अहवाल आठ दिवसांनी. तोवर काही ठरवू नका," डॉक्टर म्हणाले. आतड्यातली प्रत्येक गाठ कॅन्सरची नसते. साध्या गाठीचा कॅन्सर व्हायला बहुधा काही वर्षं लागतात. कॅन्सर निघाला तरी लवकर सापडल्यास शस्त्रक्रियेने माणूस बरा होऊ शकतो. हे सगळं तिने नीट ऐकलं होतं. पण सहेरीच्या शांततेत ते आठवत नाही. आठवतात टेम्पोचे हप्ते आणि मुलीची बारावीची परीक्षा. आणि राग येतो. चार महिने! रमजानमध्ये आजारी नवऱ्यावर रागावतो म्हणून स्वतःचाही राग येतो.

इफ्तारनंतर नातेवाईक इयादतला, म्हणजे आजाऱ्याची विचारपूस करायला येतात. कुणी कलौंजी सुचवतं, कुणी याच दुखण्याने गेलेल्या मामाची गोष्ट सांगतं. ती चहा करते, कप विसळते, पुन्हा चहा करते.

एका संध्याकाळी समोरच्या घरातल्या वहिनी बागेतली द्राक्षं घेऊन आल्या. बैठकीत न बसता थेट स्वयंपाकघरात आल्या. दोन वर्षांपूर्वी नवऱ्याच्या बायपासच्या वेळी त्यांनीही असेच दिवस काढले होते. "भाभी, भाऊंचं सगळेच विचारतात. तुम्ही जेवताय का?" एवढंच त्यांनी विचारलं. आठ दिवसांचं रडू तिथेच फुटलं.

रडून झाल्यावर दोघींनी मुलीच्या वहीचं मागचं पान घेतलं. डॉक्टरांना काय विचारायचं ते लिहिलं : गाठ नेमकी कुठे आहे? पसरली आहे का, ते कोणत्या तपासणीत कळेल? शस्त्रक्रिया लागेल का, कधी? खाली कागदांची यादी : रेशनकार्ड, आधारकार्ड, जुने रिपोर्ट. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतच्या उपचारांचं संरक्षण मिळतं. कॅन्सरच्या शस्त्रक्रिया आणि केमोथेरपीही त्यात आहेत. योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्र बसतात, हे वहिनींना ठाऊक होतं. भीती गेली नाही, पण हाताला काम मिळालं.

त्या रात्री तरावीहची नमाज पढून तो घरी आला, तेव्हा ती सरळ बोलली. "मला का नाही सांगितलं?"

तो बराच वेळ गप्प राहिला. "आधी वाटलं, हंगाम जाईल. नंतर वाटलं, तुला सांगितलं की ते खरं होईल."

रागाचं ओझं थोडं उतरलं. दोघं पहिल्यांदाच एकाच गोष्टीला एकत्र घाबरली.

आजाऱ्याला भेटायला जाणं हे इस्लाममध्ये मुसलमानाचं कर्तव्य मानलं आहे. थोडाच वेळ बसावं, धीर द्यावा, दुआ करावी, असा त्याचा रिवाज. उशाशी बसलेल्या माणसापर्यंत मात्र ही विचारपूस क्वचित पोहोचते. रात्र तोही जागून काढत असतो. वहिनींना इयादत हा शब्द माहीत नसेल. ती कशी करतात, ते त्यांना माहीत होतं.

अहवाल गुरुवारी मिळणार आहे. वहिनींचे यजमान आपली गाडी काढणार आहेत. गोदावरीचा पूल ओलांडून, चांदोरीमार्गे नाशिक. पिशवी आदल्या रात्रीच भरून दाराशी ठेवली आहे. तिच्यात फाइल आहे, वहीचं पान आहे आणि एक छोटा डबा. डब्यात सहा खजूर. परतताना वाटेतच मगरिब झाली, तर तिघांना दोन-दोन.