हिशेबनिसाच्या पगाराची ओळ

काही वर्षांपूर्वी एका धर्मादाय प्रतिष्ठानाच्या अनुदान समितीवर मी सदस्य होतो. झारखंडमधील एका लहान संस्थेचा प्रस्ताव समितीपुढे आला: आदिवासी मुलांसाठी १२ गावांत संध्याकाळचे वर्ग, कालावधी तीन वर्षे. खर्चाच्या तक्त्यात हिशेबनिसाचा अर्धवेळ पगार, कार्यालयाचे भाडे आणि लेखापरीक्षणाचे शुल्कही होते. ‘पैसा मुलांवर खर्च व्हावा, कार्यालयावर नव्हे,’ असे म्हणत मी त्या तीन ओळींवर लाल रेघ मारली. काटकसरीबद्दल माझे कौतुकच झाले. मंजुरी मात्र एकाच वर्षाची दिली गेली.

वर्ष संपले तरी संस्थेचे उपयोगिता प्रमाणपत्र आले नाही. ते चार महिने उशिरा आले. हिशेब लिहीत होती ती दिवसभर गावोगाव फिरणारी शिक्षिकाच. आम्ही शेरा लिहिला, ‘संस्थेची आर्थिक क्षमता अपुरी’ आणि नूतनीकरण नाकारले. त्या वेळी ती लाल रेघ कोणालाच आठवली नाही, मलाही नाही. वर्ग बंद पडले.

अशा कपातीला हल्ली कायद्याचा आधार सांगितला जातो. कंपनी कायदा, २०१३ च्या कलम १३५ नुसार पात्र कंपन्यांना मागील तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या किमान २ टक्के रक्कम सामाजिक उत्तरदायित्वावर खर्च करावी लागते. २०२१ च्या सुधारित नियमांत प्रशासकीय खर्चाला ५ टक्क्यांची मर्यादा आहे. पण ती कंपनीच्या स्वतःच्या प्रशासकीय खर्चाला लागू होते, काम करणाऱ्या संस्थेच्या खर्चाला नव्हे. तरीही अनेक करारांत तीच मर्यादा संस्थांच्या माथी मारली जाते. शिवाय, सुरू झालेल्या वर्षानंतर आणखी तीन वर्षे प्रकल्प चालवण्याची मुभा हेच नियम देतात. ती मुभा बाजूला ठेवून करार वर्षाचाच होतो आणि पैसे मार्चच्या अखेरच्या आठवड्यात पोहोचतात.

परदेशी निधीची गोष्ट वेगळी. २०२० च्या दुरुस्तीने प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० वरून २० टक्क्यांवर आणली आणि मिळालेला निधी दुसऱ्या संस्थेला देण्यासही मनाई केली. तिथे देणगीदाराचे हात खरोखरच बांधलेले आहेत. देशी पैशाबाबत मात्र ही सबब चालणारी नाही.

आपल्याकडे वेगळी परंपराही होती. सर दोराबजी टाटा न्यासाने १९३६ मध्ये मुंबईत समाजकार्याची संस्था उभी केली, १९४१ मध्ये कर्करोग रुग्णालय. त्या पैशातून इमारती आणि पगार या दोहोंची तरतूद झाली. रुग्णामागे अमुक रुपये एवढाच हिशेब कोणी धरला असता, तर ते रुग्णालय उभे राहिले असते का, याविषयी मला शंका आहे.

अलीकडेच ओडिशातील एका संस्थेच्या अर्जात प्रशासकीय खर्च शून्य दाखवलेला पाहिला. मी दूरध्वनी करून विचारले, हिशेब कोण लिहितो? थोडा वेळ पलीकडून आवाज नाही. मग संस्थाचालक म्हणाले, ‘‘साहेब, हिशेबनीस आहे. देणगीदारांना ते आवडत नाही, म्हणून त्याला क्षेत्र समन्वयक दाखवले आहे.’’ खरा तक्ता पाठवा, असे मी सांगितले. त्यामुळे अर्ज फेटाळला तर जाणार नाही ना, हे त्यांनी दोनदा विचारून घेतले.