जुन्या स्पोर्ट्स कारच्या ब्रेकप्रणालीची सुधारणा

जुन्या स्पोर्ट्स कारच्या ब्रेकप्रणालीची सुधारणा म्हणजे काही दशकांपूर्वी तयार झालेल्या वेगवान मोटारीची थांबण्याची क्षमता, तिच्या ब्रेकचे काही भाग बदलून किंवा पूर्ववत करून, वाढवण्याची प्रक्रिया होय. अशा मोटारींच्या मालकांपुढे साधारणतः दोन मार्ग असतात. पहिला मार्ग शर्यतीच्या मोटारींसाठी बनवलेला महागडा तयार संच बसवण्याचा असतो. दुसरा मार्ग मूळ प्रणालीतील उणिवा एकेक करून दूर करण्याचा आणि आवश्यक तेथे त्याच कंपनीच्या नंतरच्या किंवा अधिक शक्तिशाली मॉडेलचे भाग वापरण्याचा असतो. कमी खर्चातील सुधारणा ही संज्ञा प्रामुख्याने या दुसऱ्या मार्गाला लागू पडते.

ब्रेक चाकाला थांबवतो, तर मोटारीला थांबवण्याचे काम टायर आणि रस्ता यांच्यातील घर्षण करते. मूळ ब्रेक चारही चाके जखडू शकत असतील, तर एकाच वेळच्या जोरदार ब्रेकिंगमधील थांबण्याचे अंतर केवळ मोठ्या डिस्कमुळे फारसे घटत नाही. मोठ्या ब्रेकचा खरा लाभ पुनःपुन्हा ब्रेक लावावे लागतात तेव्हा, म्हणजे घाटउतारावर किंवा शर्यतीच्या मार्गावर, दिसून येतो. त्यामुळे कोणत्याही सुधारणेपूर्वी मूळ प्रणाली नेमकी कोठे कमी पडते, हे ठरवणे आवश्यक असते.

ऐतिहासिक पार्श्वभूमी

ब्रिटिश अभियंता फ्रेडरिक लँचेस्टर याने १९०२ साली डिस्क ब्रेकचे एकस्व घेतले. तथापि त्यानंतरची सुमारे पन्नास वर्षे मोटारींमध्ये ड्रम ब्रेकचेच प्राबल्य राहिले. डनलॉप कंपनीने विकसित केलेल्या डिस्क ब्रेकनी सज्ज असलेल्या जॅग्वार सी-टाइप मोटारीने १९५३ सालची ल मान्स येथील चोवीस तासांची शर्यत जिंकली. तापलेले ड्रम ब्रेक जेथे निष्प्रभ होतात, तेथे डिस्क ब्रेक टिकून राहतात हे या विजयाने जगापुढे आणले. १९५५ च्या सित्रोएं डीएस आणि १९५६ च्या ट्रायम्फ टीआर-३ या मोटारींद्वारे पुढील चाकांचे डिस्क ब्रेक सर्वसामान्य ग्राहकांपर्यंत पोहोचले.

तरीही पुढील अनेक वर्षे शक्तिशाली इंजिन आणि साधारण ब्रेक अशी विषम जोडी असलेल्या मोटारी तयार होत राहिल्या. आज सुधारणेसाठी हाती घेतल्या जाणाऱ्या बहुतेक जुन्या मोटारी या वर्गातील आहेत.

कार्यतत्त्व

ब्रेक लावल्यावर मोटारीच्या गतिज ऊर्जेचे उष्णतेत रूपांतर होते. गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. १,००० किलोग्रॅम वस्तुमानाची मोटार ताशी १०० किलोमीटर वेगाने जात असता तिच्यात सुमारे ३८६ किलोज्यूल ऊर्जा असते. ताशी १४० किलोमीटर वेगाला ती सुमारे ७५६ किलोज्यूल, म्हणजे जवळजवळ दुप्पट होते.

या ऊर्जेचा ७० टक्के भाग पुढील दोन ब्रेकांवर पडतो आणि पुढील प्रत्येक डिस्कचे वजन ५ किलोग्रॅम आहे असे धरल्यास, ताशी १०० किलोमीटर वेगावरून एकदा थांबताना डिस्कचे तापमान साधारणतः ६० अंश सेल्सिअसने वाढते. ताशी १४० किलोमीटर वेगावरून थांबल्यास ही वाढ ११५ अंशांच्या आसपास जाते. दोन थांब्यांच्या मध्ये डिस्क निवण्यास पुरेसा वेळ न मिळाल्यास तापमान साचत जाते आणि मोजक्याच थांब्यांनंतर ते काही शे अंशांवर पोहोचते.

पेडलवरचा जोर चाकापर्यंत पोहोचवण्याचे काम पास्कलच्या नियमानुसार ब्रेक ऑइलमधील दाब करतो. मास्टर सिलिंडरचे क्षेत्रफळ लहान असल्यास कमी जोरात अधिक दाब मिळतो, परंतु पेडल अधिक खोल जाते. क्षेत्रफळ मोठे असल्यास याच्या उलट घडते. उदाहरणार्थ, २२.२ मिलिमीटर व्यासाच्या जागी २३.८ मिलिमीटर व्यासाचा मास्टर सिलिंडर बसवल्यास क्षेत्रफळ सुमारे १५ टक्क्यांनी वाढते. पेडल घट्ट लागते, पण तेवढाच दाब निर्माण करण्यासाठी पायाला १५ टक्के अधिक जोर लावावा लागतो. पेडलचा घट्टपणा म्हणजे ब्रेकची ताकद नव्हे.

ब्रेक क्षीण होण्याचे प्रकार

तापल्यामुळे ब्रेकचा परिणाम कमी होण्याचे दोन मुख्य प्रकार आहेत आणि चालकाला त्यांची जाणीव वेगवेगळ्या प्रकारे होते.

पहिल्या प्रकारात पॅडचे तापमान त्याच्या मर्यादेपलीकडे जाते व घर्षणांक घटतो. पेडल नेहमीसारखे घट्ट राहते, मात्र मोटारीचा वेग अपेक्षेप्रमाणे कमी होत नाही. यावर अधिक तापमान सोसणारे पॅड हा उपाय आहे.

दुसऱ्या प्रकारात कॅलिपरमधील ब्रेक ऑइल उकळते. वाफ दाबली जाऊ शकत असल्याने पेडल मऊ होऊन तळाशी जाते आणि चाकांपर्यंत दाब पोहोचत नाही. हा प्रकार अधिक धोकादायक असून त्यावरील उपाय सर्वांत स्वस्त आहे: ऑइल वेळेवर बदलणे.

कमी खर्चातील सुधारणांचा क्रम

दुरुस्ती: वीस-तीस वर्षे वापरलेल्या मोटारीत कॅलिपरचे पिस्टन गंजलेले, सरकत्या पिना अडकलेल्या आणि रबरी सील कडक झालेले आढळतात. एका बाजूचा कॅलिपर अडकला असल्यास मोटार ब्रेक लावताना एकीकडे ओढते. सील बदलणे, पिना साफ करून योग्य ग्रीस लावणे आणि झिजलेल्या डिस्क बदलणे एवढ्यानेही ब्रेक पुष्कळदा मूळ क्षमतेवर येतात. डिस्कची किमान जाडी बहुधा तिच्यावरच कोरलेली असते. त्याहून पातळ डिस्क वापरणे धोक्याचे असते.

ब्रेक ऑइल: ग्लायकॉलवर आधारित ब्रेक ऑइल हवेतील ओलावा शोषते आणि त्यामुळे त्याचा उत्कलनबिंदू घसरतो. डॉट-३ प्रतीच्या ऑइलसाठी किमान उत्कलनबिंदू कोरड्या अवस्थेत २०५ अंश व ओलसर अवस्थेत १४० अंश सेल्सिअस आहे. डॉट-४ साठी हे आकडे २३० व १५५ अंश, तर डॉट-५.१ साठी २६० व १८० अंश आहेत. नावातील साम्यामुळे डॉट-५ आणि डॉट-५.१ यांत गल्लत होते. डॉट-५ हे सिलिकोनवर आधारित असून ते इतर प्रकारांत मिसळता येत नाही.

पॅड: रस्त्यावर वापरायचे आणि शर्यतीचे पॅड वेगवेगळ्या तापमानासाठी बनवलेले असतात. शर्यतीचे पॅड तापलेल्या अवस्थेत उत्तम काम करतात, पण थंड असताना त्यांची पकड अपुरी पडू शकते. ते आवाज करतात आणि डिस्क लवकर झिजवतात. दैनंदिन वापराच्या मोटारीसाठी मधल्या श्रेणीचे पॅड अधिक योग्य ठरतात. नवे पॅड बसवल्यावर मोकळ्या रस्त्यावर, पूर्ण न थांबता, वेग क्रमाने अनेकदा कमी करून ते डिस्कवर बसवावे लागतात. या क्रियेत पॅडच्या द्रव्याचा पातळ व सारखा थर डिस्कवर तयार होतो.

नळ्या: चाकाजवळच्या रबरी नळ्या जुन्या झाल्यावर दाबाने फुगतात. त्यांच्या जागी नव्या रबरी नळ्या किंवा पोलादी तारांच्या विणीचे आवरण असलेल्या टेफ्लॉनच्या नळ्या बसवल्यास पेडलची प्रतिक्रिया सुधारते. थांबण्याची कमाल क्षमता त्यामुळे वाढत नाही.

टायर: थांबण्याच्या अंतरावर टायरचा थेट परिणाम होतो. नक्षी शिल्लक असली तरी अनेक वर्षांचे कडक झालेले टायर बदलल्याने होणारा फरक ब्रेकच्या कोणत्याही भागाने होणाऱ्या फरकाहून मोठा असू शकतो.

मोठ्या डिस्क: वरील सर्व केल्यावरही ब्रेक तापून क्षीण होत असतील, तरच अधिक व्यासाच्या किंवा हवा खेळती ठेवणाऱ्या पोकळ डिस्कचा विचार करणे खर्चाच्या दृष्टीने योग्य ठरते.

उदाहरण: माझदा एमएक्स-५

१९८९ साली बाजारात आलेली पहिल्या पिढीची माझदा एमएक्स-५ ही दोन आसनी मोटार या प्रकारच्या सुधारणेचे प्रसिद्ध उदाहरण आहे. सुरुवातीच्या १.६ लिटर इंजिनाच्या मोटारीत पुढील डिस्क २३५ मिलिमीटर व मागील २३१ मिलिमीटर व्यासाच्या होत्या. पुढे १.८ लिटर इंजिन आल्यावर त्या अनुक्रमे २५५ व २५१ मिलिमीटर करण्यात आल्या. कॅलिपर मूळचेच ठेवून १.८ मॉडेलच्या डिस्क, कॅलिपरचे आधार आणि त्यांना जुळणारे पॅड जुन्या मोटारीवर बसवता येतात. आधार सुट्या केलेल्या जुन्या मोटारींतून मिळवता येत असल्याने मुख्य खर्च डिस्क व पॅड यांचाच राहतो.

या बदलात पुढील आणि मागील डिस्क सारख्याच, म्हणजे २० मिलिमीटरने वाढतात. त्यामुळे दोन्ही आसांवरील ब्रेकांचे परस्परप्रमाण जवळजवळ कायम राहते. मोठ्या डिस्कमुळे घर्षणबलाचा तरफेचा हात लांबतो आणि उष्णता साठवण्यासाठी अधिक धातू उपलब्ध होतो. दुसऱ्या पिढीतील स्पोर्ट प्रकारच्या मोटारीच्या २७० मिलिमीटरच्या पुढील डिस्क आणखी मोठ्या आहेत. मात्र त्यांच्यासाठी मूळच्या १४ इंची चाकांऐवजी १५ इंची चाके लागतात. चाके व टायर यांचा खर्च धरल्यास स्वस्त वाटणारी सुधारणा महाग पडू शकते.

ड्रमऐवजी डिस्क: फोर्ड मस्टँग

१९६० च्या दशकातील फोर्ड मस्टँगमध्ये पुढील चाकांनाही ड्रम ब्रेक दिले जात. १९६५ पासून पुढील डिस्क ब्रेकचा पर्याय उपलब्ध होता. अशा मोटारीत ड्रम काढून डिस्क बसवताना केवळ चाकाजवळचे भाग बदलून भागत नाही. ड्रममध्ये फिरण्याच्या दिशेमुळे ब्रेक शू आपोआप अधिक दाबला जातो. डिस्कमध्ये असे होत नाही. म्हणून डिस्कला अधिक दाब लागतो आणि बहुधा निर्वात साहाय्यक यंत्रणेची, म्हणजे बूस्टरची, जोड द्यावी लागते. ड्रमच्या नळीत किंचित दाब कायम राखणारी झडप असल्यास ती डिस्कच्या मार्गातून काढावी लागते. अन्यथा पॅड डिस्कला घासत राहतात.

१९६६ पर्यंतच्या मस्टँगमध्ये ब्रेक ऑइलचा एकच मार्ग होता. एखादी नळी फुटल्यास चारही चाकांचे ब्रेक निकामी होत. १९६७ च्या मॉडेलपासून पुढील व मागील मार्ग वेगळे असणारा दुहेरी मास्टर सिलिंडर आला. त्यापूर्वीच्या मोटारीत असा दुहेरी सिलिंडर बसवणे ही, थांबण्याचे अंतर न घटवणारी, तरीही सुरक्षिततेच्या दृष्टीने सर्वांत मोलाची सुधारणा मानली जाते.

पुढील व मागील ब्रेकांचा समतोल

ब्रेक लावताना मोटारीचा भार पुढे सरकतो. चाकांच्या आसांमधील अंतर २.२७ मीटर व गुरुत्वमध्याची उंची अर्धा मीटर धरल्यास, गुरुत्वत्वरणाच्या ०.९ पट मंदन होत असताना एकूण भाराच्या सुमारे २० टक्के भार मागून पुढे जातो. म्हणजे स्थिर अवस्थेत निम्मा-निम्मा असलेला भार ७०:३० असा विभागला जातो. म्हणूनच मागील ब्रेक मुद्दाम सौम्य ठेवलेले असतात आणि मागील नळीत दाब मर्यादित करणारी झडप असते.

केवळ मागील ब्रेक मोठे केल्यास किंवा ही झडप काढून टाकल्यास मागील चाके पुढील चाकांआधी जखडू शकतात आणि मोटार स्वतःभोवती फिरते. उलटपक्षी, केवळ पुढील कॅलिपर फार मोठे केल्यास पुढील चाके लवकर जखडतात, मागील टायरची पकड वाया जाते आणि थांबण्याचे अंतर प्रत्यक्षात वाढू शकते.

प्रचलित गैरसमज

छिद्रे पाडलेल्या डिस्क सदैव श्रेष्ठ असतात, हा एक व्यापक समज आहे. छिद्रांमुळे डिस्कमधील धातू कमी होतो आणि तीव्र वापरात छिद्रांभोवती तडे जाऊ शकतात. रस्त्यावरच्या वापरासाठी चांगल्या प्रतीची साधी डिस्क पुरेशी असते. तसेच ब्रेक लावताना जाणवणाऱ्या थरथरीचे कारण ‘डिस्क वाकली’ असे सांगितले जाते. पुष्कळदा पॅडच्या द्रव्याचा असमान थर किंवा डिस्कच्या जाडीतील सूक्ष्म फरक हे तिचे कारण असते. कॅलिपरला रंग दिल्याने किंवा त्यावर शोभेचे आवरण बसवल्याने कार्यक्षमता वाढत नाही. आवरणामुळे हवा अडण्याचीही शक्यता असते.

सुरक्षितता

जुन्या मोटारींच्या पॅड व लायनरमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असू शकते. त्याची धूळ फुप्फुसांना घातक असल्याने ती हवेच्या झोताने उडवू नये. ओल्या फडक्याने किंवा ब्रेक साफ करण्याच्या द्रवाने काढावी. मोटार केवळ जॅकवर उचलून काम करणे धोक्याचे असते; भक्कम आधारस्तंभ आवश्यक असतात. वापरलेले कॅलिपर नव्या सीलसह चालतात. पॅड व रबरी नळ्या मात्र नव्याच घेणे आवश्यक मानले जाते. काम पूर्ण झाल्यावर नळ्यांतील सर्व हवा काढून, गळती तपासून, प्रथम कमी वेगात चाचणी घेतली जाते.

कायदेशीर बाजू

ब्रेकमधील बदलांविषयीचे नियम देशागणिक भिन्न आहेत. जर्मनीत मान्यता नसलेला भाग बसवल्यास वाहनाचा वापरपरवाना रद्द ठरू शकतो. भारतात मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील निर्मात्याच्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल वाहनात करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मधील निकालात या तरतुदीचा पुनरुच्चार केला. मूळ प्रतीचे पॅड, ऑइल व नळ्या बदलणे ही देखभाल होय. प्रणालीची रचना बदलण्यापूर्वी मात्र परिवहन कार्यालय व विमा कंपनी यांच्याकडे चौकशी करणे आवश्यक ठरते.

हे सुद्धा पाहा

डिस्क ब्रेक
ड्रम ब्रेक
पास्कलचा नियम
घर्षण
गतिज ऊर्जा