पेव्हर, शहाबादी की कोबा? सोलापुरात अंगणाची फरसबंदी करण्यापूर्वी हे वाचा

घराचं बांधकाम झालं, रंग लागला, की शेवटी उरते ती गेटपासून पोर्चपर्यंतची गाडीची जागा. तोवर बजेट संपत आलेलं असतं. मग मिस्त्री सांगेल ते टाकून मोकळं व्हायचं, असंच अनेक घरांत होतं. दोन पावसाळ्यांत त्याला तडे जातात, चाकाखाली खड्डा पडतो आणि पाणी शेजाऱ्याच्या दारात जाऊन थांबतं.

याचं मूळ बहुतेक वेळा वरच्या फरशीत नसतं, खालच्या मातीत असतं. सोलापूर परिसरात बऱ्याच ठिकाणी काळी माती आहे. ती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आकसून भेगाळते. तिच्यावर थेट काहीही बसवलं तरी ते हलणारच. म्हणून कुठलाही प्रकार निवडा, आधी फूट-सव्वा फूट काळी माती काढा आणि ६ इंच मुरूम पाणी मारून, रोलरने किंवा धुम्मसाने दाबून घ्या. हिशेब सोपा आहे. १० बाय २० फुटांच्या जागेला ६ इंचांचा थर म्हणजे १०० घनफूट, म्हणजेच एक ब्रास. दाबल्यावर मुरूम बसतो, त्यामुळे थोडा जास्तच मागवावा.

पेव्हर ब्लॉक : काळ्या मातीसाठी हा सोयीचा पर्याय. जमीन थोडी हलली तरी ब्लॉक फुटत नाहीत. खचलेला भाग उचलून, खाली भर घालून तेच ब्लॉक पुन्हा बसवता येतात. मुरमावर कच मिसळलेल्या खडीचा ३ इंचांचा थर, त्यावर इंच-सव्वा इंच कच आणि मग ब्लॉक. कार आणि दुचाकीसाठी ६० मिमी जाडीचे ब्लॉक पुरतात. पाण्याचा टँकर आत येत असेल तर ८० मिमीचे घ्या. खरेदी करताना आयएस १५६५८ या भारतीय मानकाप्रमाणे माल आहे का, हे विचारा. चारही कडा सिमेंटने पक्क्या बांधा, नाहीतर ब्लॉक बाजूला सरकत जातात.

शहाबादी फरशी : सोलापूर-वाडी रेल्वेमार्गावरच्या, कलबुर्गी जिल्ह्यातल्या शहाबादवरून या दगडाला नाव पडलं. आपल्याकडच्या जुन्या घरांत तो सर्रास दिसतो. चालण्यासाठी उत्तम, पण पातळ फरशी खाली पोकळ राहिली तर गाडीच्या वजनाने फुटते. गाडीसाठी जाड आणि खरबरीत फरशी निवडा. हा चुनखडीचा दगड आहे, त्यामुळे डाग काढायला ॲसिड वापरू नका. दगड खराब होतो.

सिमेंटचा कोबा : एकसंध आणि झाडायला सोपा, पण खालची माती हलली की आधी यालाच तडे जातात. कोबाच करायचा असेल तर ८ ते १० फुटांवर सांधे सोडा आणि किमान ७ दिवस पाणी मारा. नळाला रोज पाणी येत नसेल तर या पाण्याची सोय आधीच करून ठेवा.

गुळगुळीत टाइल : उघड्यावर टाळाच. पावसात किंवा अंगण धुतल्यावर तिच्यावरून पाय सटकतो. फजरच्या अंधारात मशिदीकडे निघालेल्या घरातल्या बुजुर्गांचा विचार करा. शिवाय ४० अंशांच्या वर पारा गेला की गडद रंगाच्या फरशीवर अनवाणी पाय ठेववत नाही. फिका रंग बरा.

आता पाण्याचं बघू. १० बाय २० फुटांच्या अंगणात एक इंच पाऊस पडला तर सुमारे ४७० लिटर पाणी जमा होतं. सगळं अंगण पक्कं केलं की हे पाणी कुठेतरी जाणारच. उतार घराच्या पायापासून लांब, दर ५ फुटांना एक इंच असा ठेवा. कडेला फूट-दोन फूट माती मोकळी सोडून झाडं लावा. शोषखड्डा करायचा असेल तर तो पायापासून दूर करा, कारण पायाजवळ मुरलेलं पाणी तिथली काळी माती फुगवतं.

गल्ल्यांमध्ये आणखी एक गोष्ट सर्रास दिसते. घर उंच करायचं आणि गेटचा रॅम्प थेट रस्त्यावर काढायचा. त्याने गटार बुजतं, दुचाकीवाले अडखळतात आणि पाणी समोरच्या घरात शिरतं. इस्लाममध्ये शेजाऱ्याच्या हक्काला मोठं महत्त्व आहे आणि रस्त्यातला अडथळा दूर करणं हा ईमानचा भाग मानला जातो. तेव्हा रॅम्पची चढण आपल्या हद्दीतच बसवा. गेट एक-दोन फूट आत घ्यावं लागलं तरी चालेल.

ठेकेदाराशी बोलताना फक्त चौरस फुटाचा दर विचारू नका. किती खोदणार, मुरूम किती इंच, खडी किती, ब्लॉक किती मिमीचा, हे कागदावर लिहून घ्या. दोन दरांमधला फरक बऱ्याचदा याच थरांत लपलेला असतो. आणि शेवटचा हप्ता देण्याआधी अंगणात चार बादल्या पाणी ओतून ते कुठे जातं, ते स्वतः उभं राहून बघा.