गुणक बरोबर, गुण्य चूक

माणसाच्या जिवाची किंमत करतां येत नाहीं, असें आपण मोठ्या अभिमानानें म्हणतों. परंतु विमा कंपनीच्या कचेरींत आणि अपघात-न्यायाधिकरणासमोर ती रोज केली जाते, व ती केल्यावांचून गत्यंतरही नाहीं. ज्या घरचें माणूस मोटारीखालीं सांपडलें, त्या घराची चूल 'जीव अमोल आहे' या वाक्यानें पेटत नाहीं. तेव्हां किंमत करावी कीं न करावी हा वाद बाजूस ठेवून ती कशी करतात, आणि करतांना कोणाचें पारडें हलकें धरलें जातें, याचा विचार करणें अधिक अगत्याचें आहे.

या हिशेबाचें मूळ साधें आहे. अमुक एक माणूस केव्हां मरेल हें कोणासही सांगतां येणार नाहीं. परंतु एकाच वयाचीं दहा हजार माणसें घेतलीं, तर त्यांपैकीं वर्षभरांत साधारण किती जातील हें बरेंच नेमकें सांगतां येतें. एडमंड हॅले या ज्योतिर्विदानें १६९३ सालीं ब्रेस्लाउ शहरच्या जन्ममृत्यूंच्या नोंदींवरून असें कोष्टक रचून वर्षासनांची किंमत काढून दाखविली. पुढें १७१३ सालीं जेकब बर्नूली याचा ग्रंथ त्याच्या मरणोत्तर प्रसिद्ध झाला, आणि संख्या जसजशी वाढवावी तसतशी सरासरी स्थिरावते या अनुभवास गणिताचा आधार मिळाला. विम्याचा सारा धंदा या पायावर उभा आहे.

परंतु कोष्टकांत कोणास घ्यावयाचें आणि कोणत्या रकान्यांत घालावयाचें, हें गणित ठरवीत नाहीं. तें माणसें ठरवितात. आमच्याच देशाचा दाखला घ्या. एकोणिसाव्या शतकांत येथें धंदा करणाऱ्या परदेशी कंपन्या प्रथम हिंदी माणसाचा विमा उतरीतच नसत; पुढें उतरूं लागल्या त्या जबर जादा हप्ता घेऊन, कारण हिंदी जीव त्यांच्या लेखीं कमी प्रतीचा! मुंबईस १८७० च्या सुमारास निघालेल्या बाँबे म्युच्युअल सोसायटीनें हिंदी लोकांचा विमा सर्वसाधारण दरानें उतरविण्यास आरंभ केला. हिंदी माणूस त्या वर्षीं एकाएकीं दीर्घायुषी झाला नव्हता. रकाने आंखणारा हात तेवढा बदलला होता.

परक्यांनीं आमच्यावर लादलेला हा जादा हप्ता आम्हांस झोंबला. पण तोच न्याय आम्ही आमच्या घरांतील स्त्रियांस लावीत आलों, हें किती जणांच्या लक्षांत येतें? अपघाती मृत्यूची भरपाई काढतांना मृताच्या वार्षिक मिळकतींतून त्याचा स्वतःचा खर्च वजा करतात, आणि उरलेल्या रकमेस वयानुसार ठरलेल्या अंकानें गुणतात. हे गुणक सर्वोच्च न्यायालयानें २००९ सालीं एका निकालांत निश्चित केले: १५ ते २५ वयास १८, आणि तेथून उतरत उतरत ६६ ते ७० वयास ५. पस्तिसाव्या वर्षीं गुणक १६. आणखी किती तरी वर्षें मिळविणाऱ्या माणसास सोळाच कां, असें कोणी विचारील. तर एकरकमी पैशावर व्याज येतें, आणि अपघात न होतां तरी तो माणूस म्हातारपणापर्यंत जगलाच असता असें नाहीं, हें त्यांत धरलेलें असतें. हा गुणक गिरणीकामगारास व कलेक्टरास, पुरुषास व स्त्रीस एकच आहे. त्याविषयीं आमची तक्रार नाहीं. तक्रार आहे ती गुण्याविषयीं.

घर सांभाळणाऱ्या स्त्रीची मिळकत काय धरावयाची? मोटारवाहन कायद्यास १९९४ सालीं जोडलेल्या अनुसूचींत उत्तर असें होतें, कीं न मिळविणाऱ्या पत्नीची मिळकत पतीच्या मिळकतीच्या एक तृतीयांश धरावी. म्हणजे महिना साठ हजार मिळविणाऱ्याच्या घरची पोळी वीस हजारांची, आणि सहा हजार मिळविणाऱ्याच्या घरची भाकरी दोन हजारांची! वास्तविक गरिबाच्या घरीं मोलकरीण नसते, पाणी लांबून आणावें लागतें, आणि काम अधिकच पडतें.

न्यायालयें या बाबतींत कायदेमंडळापुढें गेलीं, हें मान्य केलें पाहिजे. जमशेदपूर येथें ३ मार्च १९८९ रोजीं एका समारंभांत आग लागून पुष्कळ बायकामुलें दगावलीं. त्या प्रकरणीं गृहिणींच्या श्रमाचें मोल प्रथम वर्षास १२,००० रुपये धरण्यांत आलें होतें. सर्वोच्च न्यायालयानें २००१ सालीं तें अत्यंत कमी ठरवून ३४ ते ५९ वयाच्या स्त्रियांस महिना ३,००० धरले. सोळाच्या गुणकानें पाहिलें, तर १,९२,००० व ५,७६,००० असा हा फरक पडतो. पुढें २०१० च्या एका निकालांत न्यायमूर्तींनीं खेदानें दाखवून दिलें, कीं २००१ च्या खानेसुमारीनें घरकाम करणाऱ्या स्त्रियांस भिकारी, वेश्या आणि कैदी यांच्या पंक्तीस 'काम न करणारे' म्हणून बसविलें होतें.

आणि हें 'काम न करणें' तरी किती? सरकारच्याच २०१९ च्या वेळ-वापर पाहणीप्रमाणें घरचें बिनमोल काम करणारी स्त्री त्यास दिवसास २९९ मिनिटें देते. पुरुष देतो तो ९७. जानेवारी २०२१ च्या निकालांत सर्वोच्च न्यायालयानें हे आंकडे उद्धृत करून मोल काढण्याच्या तीन रीती सांगितल्या: ती स्त्री बाहेर काय मिळविती, तें पाहणें, तिचें काम पगारी माणसांकडून करवून घेण्यास काय पडेल, तें पाहणें, किंवा नवराबायकोस भागीदार समजून मिळकत निम्मी वांटणें. पहिल्या रीतींत जिला शाळेंत घातलें नाहीं तिला मेल्यावर पुन्हां दंड होतो. तिसरी दिसावयास उदार, पण पत्नीचें मोल पतीच्या पगारासच बांधलेलें राहतें. आम्हांस दुसरीच ग्राह्य वाटते. तिला तास लागतात आणि मजुरीचा दर लागतो. दोन्ही आतां सरकारदप्तरीं आहेत.

मायेला का कोठें भाव करावयाचा, असा प्रश्न कांहीं सद्गृहस्थ करतात. मायेची भरपाई कोणीच मागत नाहीं. स्वयंपाक, धुणें, आजाऱ्याची शुश्रूषा, मुलांचा अभ्यास हीं कामें ती गेल्यावर दुसऱ्याच दिवशीं कोणी तरी करावीं लागतात, आणि त्यास पैसे पडतात. हे गृहस्थ स्वतः विधुर झाले तर त्यांस हें निराळें सांगावें लागणार नाहीं.

आमच्या वकीलबंधूंस एवढेंच सुचवितों, कीं दाव्याच्या अर्जांत मृत गृहिणीच्या नांवापुढें 'व्यवसाय: नाहीं' असें लिहिण्याचा परिपाठ सोडून द्यावा. तिचे कामाचे तास, घरांतील माणसें, लहान मुलें व अंथरुणाला खिळलेलीं वडील मंडळी यांचा तपशील द्यावा, त्या त्या कामाचा गांवांतील चालू दर साक्षीनें शाबीत करावा, आणि मग गुणक लावण्यास सांगावें.