जठर कापल्यावर आतड्यात काय घडतं?

आमच्या आण्णांच्या जठराचा मोठा भाग गाठीमुळे काढावा लागला. ऑपरेशन मिरजेत झालं. हातकणंगल्याला आणल्यावर टाके सुकले, पण पोट काही ठिकाणावर येईना. वाटीभर भात खाल्ला तरी पोट फुगायचं, जुलाब व्हायचे.

जठरातलं आम्ल अन्नाबरोबर आलेले बरेचसे जंतू मारतं. जठर लहान झालं की आम्लही घटतं. मग तोंडातले स्ट्रेप्टोकॉकससारखे जिवाणू जिवंतच खाली उतरतात. लहान आतड्यात एरवी जिवाणू कमी असतात. तिथं ते वाढले की अन्न आंबतं, गॅस धरतो. त्यात अँटिबायोटिकमुळे मोठ्या आतड्यातले उपयोगी जिवाणूही मरतात. ही घडी पुन्हा बसायला महिने लागतात, आणि ती अगदी पूर्वीसारखी बसेलच असं नाही.

मात्र सगळाच दोष जिवाणूंचा नसतो. गोड पदार्थ झपाट्यानं आतड्यात उतरला की घाम फुटतो, चक्कर येते. उसाच्या मुलखात राहून आण्णांचा गुळाचा चहा बंद करणं मला फार जड गेलं.

“एवढ्याशा घासानं काय हुतंय गं?” म्हणत ते थोडं थोडं, दिवसातून सहा वेळा जेवू लागले. आधी मऊ भात, मग मुगाचं वरण, पुढं ताकात कुस्करलेली ज्वारीची भाकरी. भाकरी-डाळीतल्या चोथ्यावर जगणारे प्रिव्होटेला जिवाणू आपल्याकडच्या आतड्यांत भरपूर आढळतात.

बी-१२ कडे मात्र डोळेझाक नको. ते शोषायला लागणारा घटक जठरातच तयार होतो, शिवाय लहान आतड्यात वाढलेले जिवाणूही ते फस्त करतात. आण्णांची रक्ततपासणी आणि इंजेक्शन आम्ही कधीच चुकवत नाही.